प्रोग आणि पॉवर मेटल: सुरुवात कुठून करायची

पॉवर मेटलसाठी, म्हणजे वेगवान, सुरेल मेटलसाठी, हेलोवीन या बँडच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' या अल्बमचा दुसरा भाग (१९८८) घे. पहिला भागही चांगला आहे, पण आधी दुसराच. प्रोगसाठी, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या तालांच्या प्रोग्रेसिव्ह मेटलसाठी, ड्रीम थिएटरचा 'इमेजेस अँड वर्ड्स' (१९९२). त्यातला स्नेअर ड्रम ट्रिगर केलेला आहे (ठोक्याच्या जागी आधीच रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो), म्हणून प्रत्येक ठोका एकसारखा, थोडा प्लास्टिकसारखा वाजतो. तुझ्या हेडफोनला दोष देऊ नकोस.

प्लेअरमधलं शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणं) बंद, गॅपलेस (मध्ये खंड न पडता वाजवणं) चालू. ब्लाइंड गार्डियनच्या 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ'मध्ये (१९९८) २२ ट्रॅक आहेत. त्यातले निम्मे छोटे जोड-तुकडे. शफलवर त्याचा नुसता चिवडा होतो. बास बूस्टही काढ, नाहीतर डबल बेस ड्रमचे (दोन्ही पायांनी वाजवलेल्या ढोलाचे) ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येते.

मत द्यायची घाई नको. पॉवर मेटलचे कोरस पहिल्याच फेरीत डोक्यात बसतात, त्यामुळे ते अल्बम सुरुवातीला जरा जास्तच आवडतात. प्रोगचं उलट: तीन-चार फेऱ्यांनंतर ताल मोजता येऊ लागतो. सिम्फनी एक्सच्या 'द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी'चं वीस मिनिटांचं शीर्षकगीत एका दमात झेपत नसेल तर खुशाल तुकड्यांत ऐक; शुद्धतावादी रागावतील, रागावू देत. आणि तुझं नि दुसऱ्या कोणाचं मत जुळत नसेल तर आधी विचार, मूळ आवृत्ती ऐकलीस की रीमास्टर (नंतर आवाज नव्याने सुधारून काढलेली)?