लोकल कार्ट्रिज टाकली म्हणून वॉरंटी गेली, हे फोनवर सांगून भागत नाही

ताई, तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही चोपड्याला घरीच शिकवण्या घेता, सात महिन्यांपूर्वी जळगावातून ५,२०० रुपयांचा साधा इंकजेट प्रिंटर घेतला, सोबत आलेली शाई संपल्यावर त्याच दुकानातून ६५० ची कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली पण या प्रिंटरला बसणारी, काळी कार्ट्रिज घेतली कारण कंपनीची महाग पडत होती, आणि दुकानदार म्हणाला, "कसाले टेन्शन लेतस ताई, चाली जाई." दीडेक महिना चाललीही. मग एका रात्री प्रिंटरने वायफायवरून अपडेट घेतलं आणि सकाळपासून कार्ट्रिज ओळखतच नाही, एरर देऊन बसलाय. सर्व्हिस सेंटर फोनवर म्हणतं लोकल कार्ट्रिज टाकली, वॉरंटी संपली. दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तुमचा प्रश्न असा की केस होते का, कोणावर होते, आणि शेजारपाजारच्यांना केळीच्या पीक विम्याचे कागद न् सातबारा पाच रुपयांत काढून देते म्हणून मी ग्राहक राहिले की नाही.

केस होते. पण कोणावर, ते आज मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकत नाही, कारण दोष कार्ट्रिजमध्ये आहे, प्रिंटरमध्ये आहे की त्या अपडेटमध्ये, हे अजून कोणी तपासलेलंच नाही. तिन्ही ठिकाणी स्क्रीनवर जवळपास तोच मेसेज येतो. आणि ग्राहक आयोगासमोर पहिला प्रश्न हाच येणार, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी दुकानदाराकडे, आणि तुम्ही मध्ये उभ्या. म्हणून आधी दोष शोधा, तोही पुरावा जपत.

प्रिंटरला हात लावायच्या आधी स्क्रीनवरच्या मेसेजचा फोटो काढा, कार्ट्रिजच्या लेबलचा, बिलाचा, आणि प्रिंटरच्या खोक्याचा चारी बाजूंनी. खोकं माळ्यावर असेल तर उतरवा, ते का लागतं ते पुढे सांगतो. दुकानदाराशी व्हॉट्सअॅपवर काही बोलणं झालं असेल तर ते अजिबात डिलीट करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा चॅटसोबत आणि फोटोंसोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ज्या फोनमध्ये ते मुळात आहे तो फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आता तपासणी. मोबाईलवर कोणाला तरी सलग व्हिडिओ काढायला सांगा. कार्ट्रिज काढा, चिपवर (जिच्यावरून प्रिंटर कार्ट्रिज ओळखतो) किंवा नोझलवर (जिथून शाई बाहेर येते) पिवळी-नारिंगी टेप राहिलेली नाही ना बघा, रंगाच्या खणात काळी तर बसवली नाही ना बघा. मग तांब्याचे कॉन्टॅक्ट, कार्ट्रिजवरचे आणि प्रिंटरच्या आतले, दोऱ्या न सुटणाऱ्या कापडाला डिस्टिल्ड वॉटरचा थोडा ओलावा देऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, कट आवाज येईपर्यंत बसवा, प्रिंटरची वायर भिंतीतून काढून मिनिटभर थांबा आणि परत चालू करा. लोक सांगतील की आपल्याकडच्या उन्हाने शाई वाळली असेल. वाळते, मे महिन्यात तर नक्कीच वाळते, पण शाई वाळल्यावर अक्षरं फिकी येतात, रेघा पडतात, प्रिंटर कार्ट्रिज ओळखायचाच थांबला तर ते बहुतेक वेळा चिपचं किंवा कॉन्टॅक्टचं काम असतं.

एवढं करून चालू झाला तर भांडण तिथेच मिटलं. नाही झाला तर सगळ्यात महत्त्वाची चाचणी करायची, कंपनीची ओरिजिनल कार्ट्रिज लावून बघायची. इथे जपून, कोणाची मागून आणू नका, कारण काही मॉडेलमध्ये कार्ट्रिज संरक्षणाची सेटिंग चालू असते आणि एकदा बसवलेली कार्ट्रिज कायमची त्याच प्रिंटरशी बांधली जाते, उगाच शेजारणीची कार्ट्रिज वाया जायची. सर्व्हिस सेंटरलाच सांगा की तुमची ओरिजिनल लावून माझ्यासमोर दाखवा आणि निकाल जॉब शीटवर, म्हणजे तपासणीच्या त्यांच्या कागदावर, लिहा.

ओरिजिनल लावूनही तोच एरर आला तर दोष प्रिंटरचा, आणि वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली मागायचा तुमचा हक्क पक्का. ते म्हणतील लोकल शाईनेच बिघडला. म्हणू द्या, पण मग कुठला पार्ट, कसा बिघडला, वॉरंटी कार्डावरच्या कुठल्या अटीखाली नाकारताय, हे लेखी मागा. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीच्या कागदात अट अशी असते की दुसऱ्या शाईमुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. नुसती दुसरी कार्ट्रिज वापरली म्हणून अख्खी वॉरंटी गेली, ही वेगळी गोष्ट झाली, आणि कागदावर ती नसेल तर फोनवरच्या माणसाला ती आपल्या मनाने घालता येत नाही. माझा अनुभव असा की लेखी मागितलं की सूर बदलतो.

ओरिजिनलवर व्यवस्थित चालला तर प्रिंटर चांगला आहे आणि प्रश्न उरतो दोनच गोष्टींचा, दुकानदाराने काय सांगून विकलं आणि कंपनीने काय सांगितलं नाही. म्हणून ते खोकं. हल्ली काही खोक्यांवर छापलेलं असतं की हा प्रिंटर फक्त कंपनीच्या चिपची कार्ट्रिज घेईल आणि अपडेटनंतर बाकीच्या बंद पडू शकतात. तसं छापलेलं असेल तर कंपनीविरुद्धची बाजू पातळ होते हे मी आत्ताच सांगून ठेवतो, पण दुकानदाराविरुद्धची घट्ट होते, कारण त्याच खोक्याचा प्रिंटर विकणाऱ्यानेच ही कार्ट्रिज चालेल म्हणून दिली. छापलेलं नसेल तर कंपनीने महत्त्वाची माहिती दडवली असं म्हणता येतं, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये जाणूनबुजून माहिती दडवणं हे सेवेतली त्रुटी म्हणून स्पष्ट लिहिलंय.

हे फक्त तुमच्याच घरी झालंय असं समजू नका. १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीचे जगभरातले कितीतरी प्रिंटर अचानक बाहेरच्या कार्ट्रिज नाकारायला लागले होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ग्राहकांना या मर्यादांची नीट माहिती दिली नाही आणि बाहेरची कार्ट्रिज वापरल्याची नोंद ठेवून वॉरंटीची मदत नाकारायला ती वापरली, म्हणून कंपनीला १ कोटी युरोचा दंड केला. तो निर्णय आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, आणि तुमचा प्रिंटर कुठल्या कंपनीचा ते मी इथे लिहीत नाहीये, पण युक्तिवादाला त्याचा आधार देता येतो.

बिलावरची ती ओळ. मला या ओळीचा खरंच राग येतो, कारण आपल्या बाजारपेठांत ती वाचून माणसं गुपचूप घरी जातात. त्याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे ३० दिवस उलटलेत म्हणून हा मुद्दा थोडा कमजोर पडतो, पण चालेल असं सांगून न चालणारी वस्तू विकली हा मुद्दा त्याने संपत नाही. एक अजून, कॉम्पॅटिबल कार्ट्रिज विकणं गुन्हा नाही, त्यामुळे दुकानदाराला पोलिसांची भीती घालू नका. कंपनीचं नाव, लोगो छापून नकली माल ओरिजिनल म्हणून दिला असता तर ट्रेड मार्क कायदा आला असता, पण तुमच्या बिलावर तर कॉम्पॅटिबल असंच लिहिलंय.

आता पाच रुपयांच्या प्रिंटा. काळजी सोडा. कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळलाय खरा, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतःच वापरलेला माल त्यात धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात टाइपरायटरचंच उदाहरण दिलंय, दुसऱ्यांचं टायपिंग पैसे घेऊन करणारा माणूस स्वतःच मशीनवर बसून त्यावर पोट भरत असेल तर तो ग्राहकच. तुमचं तर मुख्य काम मुलांच्या वर्कशीटचं. फक्त तक्रारीत हे लपवू नका, पहिल्याच परिच्छेदात सरळ लिहा, नाहीतर समोरचा वकील तेच शोधून काढून तुम्हाला खोटं पाडायला बघेल.

पुढचं काम असं. दुकानदार आणि कंपनी दोघांना एकच पत्र स्पीड पोस्टने, सोबत फोटो आणि जॉब शीटची झेरॉक्स, उत्तराला १५ दिवस. त्याच दिवशी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून नंबर घ्या. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण एवढ्या रकमेचं प्रकरण तिथेच मिटलं तर चांगलंच. नाहीच मिटलं तर जळगावच्या जिल्हा आयोगात, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, कारण तक्रारदार राहतो तिथे दाखल करायची सोय २०१९ च्या कायद्याने दिलीय. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरूनच होतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरूनही मागता येते म्हणजे प्रत्येक तारखेला चोपड्याहून एसटीने यायला नको. कायदा तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायला सांगतो, प्रत्यक्षात जास्त लागतो हे धरूनच चाला.

तुमच्या भाच्याने सांगितलं तसं आयटी कायद्याखाली कंपनीने माझं मशीन बंद पाडलं म्हणून जाऊ नका, सेटअप करताना तुम्ही अटी मान्य केल्यात आणि त्या वाटेने फक्त वेळ जाईल. त्या अटीच अन्यायकारक करार आहेत असंही तक्रारीत मुख्य मुद्दा करून लिहू नका, कारण त्या कारणाच्या तक्रारीला जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि ६५० रुपयांसाठी ते झेपणारं नाही. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढेच दोन शब्द पुरतात.

मागणी माफक ठेवा. दोष प्रिंटरचा निघाला तर मोफत दुरुस्ती किंवा बदली, नाहीतर कार्ट्रिजचे ६५० परत, सोबत बाहेरून झेरॉक्स काढाव्या लागल्या त्याच्या पावत्या, मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे काही हजार. लाखांत मागितलं की तक्रारच हलकी वाटते. आणि ती कार्ट्रिज फेकू नका, दुकानदाराला परतही देऊ नका, नोझलला क्लिप असेल तर लावून पाकिटात बंद करून तारीख टाकून ठेवा, आयोगाने तपासणीला पाठवायची म्हटलं तर तीच लागणार. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, पण वॉरंटीचे पाचच महिने उरलेत, म्हणून सर्व्हिस सेंटरची जॉब शीट याच आठवड्यात करून घ्या.