गॅसवर चालणारी जुनी जीप घाटात दमते तेव्हा

प्रश्न : नमस्कार काका. आमच्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप आहे, हरिकेन इंजिनाची. पेट्रोल परवडेना म्हणून एलपीजी किट बसवलं, आरटीओत नोंदही केली. सपाटीला गाडी छान चालते. पण आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाटाने कराडला निघालो की पोफळी सोडल्यावर तिचा दम जातो. पेट्रोलवर दुसऱ्या गिअरात चढायची तिथे आता पहिला टाकावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावरचा दाब, वाढवू. वाढवावं का?
– एक बागायतदार, गुहागर तालुका

उत्तर : हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. गॅसमुळे ताकद कमी होते हे खरं, पण तुम्ही सांगता तेवढी नाही. गॅस वायुरूपात आत जातो आणि हवेची साधारण ४ टक्के जागा खातो. शिवाय पेट्रोल उडताना आत येणारी हवा थोडी गार होते, तो फायदा जातो. दोन्ही धरून ५ ते १० टक्के. एवढ्यासाठी अख्खा गिअर खाली यायचा नाही. बाकीची ताकद दुसरीकडे कुठेतरी गळते आहे, ती जागा आधी शोधायला हवी.

माझं गॅरेज चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ. घाट चढणाऱ्या गाड्या समोरूनच जातात, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. पहिला प्रश्न मी हाच विचारतो : थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, आहे का? आपल्याकडे गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची सवय आहे. पेट्रोलवर ते खपून जातं, गॅसवर नाही. टाकीतून गॅस पातळ येतो आणि व्हेपोरायझरमध्ये त्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता रेडिएटरच्या गरम पाण्यातून मिळते. पाणी कोमट असेल, तर भरल्या गाडीने गॅस जोरात ओढला की व्हेपोरायझर गारठतो आणि गॅस पुरत नाही. घाटात दम गेला की सुरक्षित जागी थांबून व्हेपोरायझरला हात लावून बघा. तो चांगला गरम हवा. गार लागला किंवा वर दव धरलं असेल, तर दुखणं सापडलं. थर्मोस्टॅट परत बसवा, पाण्याचे पाइप साफ करा. व्हेपोरायझर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली असावा, नाहीतर त्यात हवा अडकते. तळाशी तेलकट गाळ साचतो, तो काढा. आतला पडदा कडक झाला असेल तर बदला.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. त्यांच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये ठरावीक गॅप लागतो. तुमच्या इंजिनात मिश्रण आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आहेत. वरचे टॅपेट झाकण उघडलं की लगेच हाताशी येतात. खालच्यांसाठी ब्लॉकच्या बाजूचं कव्हर काढावं लागतं, हात नीट पोचत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा तसेच राहतात. आणि गॅसवर त्रास नेमका एक्झॉस्टचा. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, गॅप कमी होतो, शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जळायच्या आधी कॉम्प्रेशन पडतं, तेच घाटात जाणवतं. गाडी गॅरेजला न्याल तेव्हा मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा आणि बाजूचं कव्हर उघडायला लावा. यात मला कोणाची भीड वाटत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. कमी भरलं त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसंच राहिलं तर बहुधा व्हॉल्व्हचा.

इग्निशनही बघा. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जोरदार लागते आणि आपली खारी, दमट हवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आणि प्लगच्या वायरींना सोडत नाही. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. वायरींवर निळी ठिणगी दिसली तर त्या बदला. प्लगचा गॅप पेट्रोलपेक्षा थोडा कमी ठेवा. टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते. मूळ टायमिंग ५ अंशांचं आहे. गॅसवर ८ ते १० पर्यंत पुढे नेऊन चढावर चालवून बघा. गॅसचा ऑक्टेन (खटखट न होता जळायची क्षमता) जास्त, त्यामुळे खटखट ऐकू येणार नाही, पण म्हणून टायमिंग हवं तेवढं पुढे न्यायचं नसतं. ताकद वाढायची थांबली की तिथेच थांबायचं.

एअर क्लीनर तेलाचा असेल तर तेल बदला, खुणेच्या वर भरू नका. जांभ्याची लाल धूळ तो लवकर चोंदवते. हवा अडली की मिक्सर (हवेत गॅस मिसळणारा भाग) जास्त गॅस ओढतो, ताकदही जाते आणि गॅसही. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर इंजिनाला जवळपास ९ टक्के हवा कमी मिळते. म्हणून एअर क्लीनरचा पाइप पुढच्या जाळीमागून गार हवा घेईल असा आणा, मात्र उंचावरून. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

एवढं करून इंजिन खोलायचीच वेळ आली आणि जीप कायम गॅसवरच ठेवायची असेल, तर कॉम्प्रेशनचा विचार जरूर करा. या इंजिनाच्या कॉम्प्रेशनचं प्रमाण ७ ला १ च्या आसपास आहे, गॅसला त्याहून बरंच जास्त चालतं. पण ७ चं ८ केलं तरी ताकदीचे ४ टक्क्यांच्या आसपासच जास्त मिळतील. दुरुस्तीबरोबर ते मिळाले तर उत्तम, फक्त त्यासाठी चांगलं हेड घासू नका.

प्रश्न : घरचा सिलिंडर जोडून गाडी चालवली तर काय होतं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बेकायदेशीर तर आहेच, पण गाडीसाठीही चुकीचं आहे. गाडीची टाकी पातळ गॅस देते, ८० टक्के भरली की वॉल्व्ह आपोआप बंद होतो, पाइप तुटला तर गॅस अडवायची सोय असते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर वरून वाफ देतो. इंजिनाने जोरात ओढली की तो गारठतो, दाब पडतो. मग पातळ गॅस यावा म्हणून लोक तो आडवा टाकतात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. गाडीत मुलंबाळं बसतात. आजच काढा.