बुद्धिबळात वजीर जास्त असताना सर्वांत झटपट मात शोधायलाच हवी का?

नाही, तुमच्या मुलीने नाशिकच्या शालेय स्पर्धेत संगणकाने दाखवलेली ५ चालींची मात सोडून १२ चालींत डाव संपवला, तरी गुण एकच. मी इथेच मुलांना शिकवतो. झटपट मात करण्याच्या नादात हातचा डाव बरोबरीत घालवणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात. नेहमीची चूक अशी: समोर एकटा राजा कोपऱ्यात, आणि वजीर त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या उडीवर आणून ठेवायचा. शह नाही, चाल नाही, झालं स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत! त्यापेक्षा वजिराने राजाला कडेला कोंडावं, मग आपला राजा जवळ आणावा. अचूक खेळलं तर एकट्या राजावर वजिराने फार तर १० चालींत आणि हत्तीने १६ चालींत मात होतेच, त्यामुळे घाई कशाला?

फक्त ५० चालींचा नियम विसरू नका. दोघांच्या ५०-५० चालींत काहीच मारलं गेलं नाही, प्यादंही हललं नाही, तर समोरचा बरोबरी मागू शकतो. उंट-घोड्याने मात करायला अचूक खेळूनही ३३ चाली लागू शकतात. तिथे मात्र रेंगाळणं महागात पडतं. घड्याळात सेकंदच उरले असतील तेव्हाही तसंच.