टीएनएफ-अल्फामुळे ग्रॅन्युलोसा पेशींचे हार्मोन वाढते की घटते?

टीएनएफ-अल्फासारख्या सायटोकाइनांनी, म्हणजे पेशींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनांनी, मानवी ग्रॅन्युलोसा पेशींतील (अंडाशयात स्त्रीबीजाभोवती असणाऱ्या पेशींतील) हार्मोननिर्मिती वाढते की घटते आणि शोधनिबंधांत दोन्ही उत्तरे का सापडतात, असा आपला प्रश्न आहे. पहिल्या भागाबद्दल थोडक्यात सांगते. एफएसएच या, फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) वाढवणाऱ्या हार्मोनने चेतवलेल्या पेशींत टीएनएफ अ‍ॅरोमॅटेजला, म्हणजे अँड्रोजेनपासून इस्ट्रोजेन बनवणाऱ्या विकराला, आळा घालतो आणि इस्ट्रॅडिऑल घटते. ल्युटिनीकरण झालेल्या, म्हणजे मुख्यतः प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या रूपात गेलेल्या पेशींत इंटरफेरॉन-गॅमा हा दुसरा सायटोकाइन प्रोजेस्टेरॉनही कमी करतो.

निष्कर्ष जुळत नाहीत याचे एक मोठे कारण म्हणजे पेशींची अशुद्धता, आणि त्यावरून पीएचडीच्या काळात माझा मार्गदर्शकांशी सतत वाद झाला. आयव्हीएफसाठी स्त्रीबीजे काढून घेतल्यावर उरलेला फॉलिक्युलर द्रव आमच्याकडे येई. सुईबरोबर रक्तही येत असल्याने तो लालसर असे. पर्कॉल या, घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर यंत्रात फिरवला की तांबड्या पेशी तळाशी बसत आणि वरच्या पांढुरक्या थरात ग्रॅन्युलोसा पेशी मिळत, पण त्याच थरात मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशीही असत. ‘एवढ्याशा पेशींनी काय फरक पडतो?’ हे मार्गदर्शकांचे ठरलेले उत्तर. मॅक्रोफेज स्वतःच टीएनएफ स्रवतात, त्यामुळे फरक पडतोच. अखेर सीडी४५ या, पांढऱ्या पेशींवरील खुणेच्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड लावलेल्या चुंबकीय मण्यांनी पांढऱ्या पेशी वेगळ्या करून मी एकाच स्त्रीच्या द्रवातून दोन प्रकारच्या थाळ्या लावल्या. पांढऱ्या पेशी न काढलेल्या थाळीच्या माध्यमात (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात), आम्ही टीएनएफ मुळीच घातलेला नसताना, तो सहज मोजता आला. दुसरीत तो जेमतेम होता. म्हणजे आमचा कंट्रोल, तुलनेसाठी टीएनएफ न घालता ठेवलेला नमुना, कंट्रोल नव्हताच. तरीही ते आलेख प्रबंधाच्या परिशिष्टात गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून निबंधाचा निष्कर्ष वाचण्याआधी पद्धत वाचा. सीडी४५ची तपासणी नसेल, तर त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. माध्यमात अँड्रोस्टेनडायोन हे अँड्रोजेन घातले होते का, हेही पाहा. ग्रॅन्युलोसा पेशी अँड्रोजेन स्वतः बनवत नाहीत, तेव्हा कच्चा मालच नसताना इस्ट्रॅडिऑल घटल्याचा दोष सायटोकाइनवर टाकता येत नाही.

अर्थात, या पेशी स्त्रीबीज पक्व करणाऱ्या एचसीजी हार्मोनच्या इंजेक्शननंतर काढलेल्या, म्हणजे ल्युटिनीकरण सुरू झालेल्या असतात. त्यांवरून वाढत्या फॉलिकलबद्दल किंवा एखाद्या रुग्णाच्या उपचाराबद्दल अनुमान काढू नये. शिवाय अंडाशयात मॅक्रोफेज असतातच, त्यामुळे त्यांना ठेवून केलेला प्रयोगही योग्य ठरू शकतो, पण मग त्यांचे प्रमाण निबंधात छापायला हवे.