रोबोटिक्सच्या शिबिराला पोराला पाठवू का?

प्रश्न : पोरगा सातवीत आहे. तालुक्याला उन्हाळ्यात दहा दिवसांचं रोबोटिक्स शिबिर आहे, फी साडेचार हजार. कापसाचे पैसे तर पेरणीलाच लागतील. पाठवू का?
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन एका कीटवर (रोबोट जोडायच्या सुट्या भागांच्या संचावर) किती पोरं बसवतात ते पाहून या. माझी लेक गेली त्या शिबिरात एका कीटभोवती पाच-सहा जण. वायरी सरच जोडायचे, पोट्टे टाळ्या वाजवायचे. शेवटच्या दिवशी गाडी चालली, फोटो निघाले, कीट कपाटात गेलं. प्रमाणपत्र मात्र सोनेरी काठाचं, बरं का!

ती शिकली ते पुढे घरी, जुन्या लॅपटॉपवर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ‘स्क्रॅच’, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. तिनं टोपलीत संत्री झेलायचा खेळ केला. संत्रं टोपलीत पडे, गुण काही वाढेनात. टोपलीला लागलं का, हे प्रोग्राम सुरुवातीला एकदाच तपासत होता. तो तुकडा ‘फॉरएव्हर’मध्ये, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या ठोकळ्यात घातला, अन् गुण चढू लागले. जेवायलाही उठेना बाप्पा.

शाळेतही विचारा. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहेत. जवळच्या एखाद्या शाळेत असेल, तर ती उघडते कधी, तेही विचारा.

एवढं करूनही पाठवायचंच ठरलं, तर सकाळचीच बॅच घ्या. मे महिन्यात भर दुपारी एसटीनं पोराला धाडू नका.