प्रशासक, प्रोसिडिंग आणि हिटलर

प्रश्न: सर, १९३३ साली हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी पक्षाचे तीनच जण होते, असं वाचलं. मग कोर्टं, कचेऱ्या, कामगार संघटना, सगळं दीड वर्षात मुठीत आलं कसं? सगळ्यांना झोडपलं काय? आणि विरोध कुणीच केला नाही?
– एक निवृत्त ग्रामसेवक, तासगाव तालुका

उत्तर: झोडपलं तर होतंच. पण तुमचा जन्म दप्तरात गेला, म्हणून कागदाच्या बाजूने सांगतो.

तिघंच होते खरे, पण खाती कुठली होती बघा. फ्रिक देशाचा गृहमंत्री, गोरिंगच्या हाती प्रशियाचे, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याचे, पोलीस. आपल्या सांगलीत कुणीही सांगेल, गृहखातं मिळालं की बाकीची कुणाला का मिळेनात! २७ फेब्रुवारीला संसद जळाली. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: कोर्टापुढे उभं न करता अटक करता येईल, वृत्तपत्रं बंद करता येतील, राज्यांचा कारभार केंद्राला हाती घेता येईल. मार्चमध्ये बव्हेरियाचं सरकार असंच गेलं. संचालक मंडळ घरी आणि खुर्चीत प्रशासक, हे आपल्याला काय नवीन?

२३ मार्चचा प्रकार मात्र बारकाईने बघण्यासारखा आहे. संसदेला न विचारता सरकारनेच कायदे करायचे, अशी ती घटनादुरुस्ती. त्यासाठी दोन-तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि त्यातले दोन-तृतीयांश बाजूने. निवडून आलेले ८१ कम्युनिस्ट तुरुंगात नाहीतर भूमिगत. समाजवाद्यांनीही पाठ फिरवली असती आणि आणखी पंधराएक जण आले नसते, तर गणपूर्तीच अडली असती. म्हणून आधी नियम बदलून घेतला: विनापरवानगी गैरहजर असेल तो हजर धरायचा. ग्रामसभेचं प्रोसिडिंग तुम्ही आयुष्यभर लिहिलंत, यातली मेख तुम्हाला काय सांगायची!

७ एप्रिलला नोकरशाहीचा कायदा आला. ज्यू आणि ‘राजकीयदृष्ट्या भरवशाचे नसलेले’ कर्मचारी काढायचे. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्या ज्यूंना सूट मिळाली, तीही राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने आग्रह धरला म्हणून, आणि टिकली १९३५ पर्यंतच. रिकाम्या खुर्च्यांखाली बढतीची वाट बघणारे बसलेलेच होते. माझ्या मते खरं काम त्यांनी केलं. वरिष्ठाला का काढलं, हे विचारायला कोण जाणार?

कामगारांची तऱ्हा निराळी. १ मेला भरपगारी सुट्टी, मिरवणुका, भाषणं. २ मेला संघटनांच्या कचेऱ्यांवर कबजा, पुढारी अटकेत.

न्यायाधीश जागचे फारसे हलवावे लागले नाहीत. तरी संसदेच्या आगीच्या खटल्यात लाइपझिगच्या कोर्टाने पाचांपैकी चौघांना सोडलं, तेव्हा हिटलर खवळला. त्याने कोर्टाला टाळं ठोकलं नाही. एप्रिल १९३४ मध्ये त्याच्या जोडीला नवं ‘लोकन्यायालय’ काढलं आणि राजद्रोहाचे खटले तिकडे वळवले. जुनं कोर्ट आपल्या पाटीसकट चालूच राहिलं.

विरोधाचं म्हणाल तर २३ मार्चच्या त्या दुरुस्तीला ४४४ विरुद्ध ९४ मतं पडली. ९४ सगळे समाजवादी. त्यांचे निवडून आलेले १२० होते, बाकीचे अटकेत, परागंदा किंवा आजारी. सभागृहात गणवेशातले नाझी उभे असताना त्यांचा नेता ओटो वेल्स विरोधात बोलला. जूनमध्ये पक्षावर बंदी आली. वेल्स देश सोडून गेला होता, तो १९३९ साली पॅरिसात वारला.