भरावाआड तुंबलेलं पाणी आणि सहा महिन्यांची मुदत

पारोळा तालुक्यातून एका शेतकरी भाऊंचं पत्र आलं आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्यांची १८ गुंठे जमीन गेली, उरलेल्या साडेतीन एकरात कापूस होता. रस्त्याचा भराव वर आला, जुनी दोन गाळ्यांची दगडी मोरी त्याखाली गाडली गेली. तिच्या जागी ठेकेदाराने एकच ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंटचा गोल पाईप, टाकला आणि खोदाईची काळी माती शेताच्या कडेच्या नाल्यात लोटून दिली. ११ जुलैला रात्री पाऊस झाला आणि कापसात गुडघाभर पाणी नऊ दिवस उभं राहिलं. सप्टेंबरात पुन्हा तेच. भाऊ विचारतात, भरपाई किती मिळेल, कोणत्या कोर्टात जाऊ, रस्त्याचं काम थांबवता येईल का? एरंडोल, साक्री, मुक्ताईनगरकडूनही अशीच पत्रं येत असतात, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देते.

भाऊ, भरपाईचा आकडा नंतर. आधी कॅलेंडर काढा. पाणी तुंबलं ११ जुलैला, तुमचं पत्र माझ्या हातात पडलं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तुमच्या कामाचा सगळ्यात जवळचा आणि स्वस्त कायदा आहे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीवर पडलेल्या किंवा तिथे उगम पावलेल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला आणि त्यामुळे शेताचं, पिकाचं नुकसान झालं किंवा होण्याची शक्यता असली, तर तो अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार, म्हणजेच जुन्या नावाने मामलेदार, देऊ शकतात. मात्र दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. उशीर माफ करायचा अधिकार तहसीलदारांना नाही. माझ्याकडच्याच एका पक्षकाराचा दावा अकरा दिवसांच्या उशिरामुळे गेला. नाला बुजलेला होता, पाणी दिसत होतं, पंच तयार होते, तरी गेला.

म्हणजे तुमच्या हातात १० जानेवारीपर्यंतचेच दिवस आहेत. सप्टेंबरात पुन्हा पाणी तुंबलं, तेव्हा नवं कारण घडलं, असं आपण म्हणू आणि ते मांडण्यासारखंही आहे. पण समोरचा वकील उलट्या बाजूने मोजेल. भराव आणि माती मे महिन्यात पडली, मुदत नोव्हेंबरातच संपली, असं तो सांगेल. त्याला उत्तर आहे, कारण माती पडली त्या दिवशी तुमचं काही बिघडलं नव्हतं, पाणी अडलं तेव्हा बिघडलं. तरी या वादावर शेत लावू नका. ११ जुलै धरून चाला.

आता मला राग येतो ती गोष्ट. पाच महिने तुम्ही काय केलं? साइट इंजिनिअरला फोन केले, ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, लोकशाही दिनात अर्ज दिला. अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असं पत्र निघालं, त्याची प्रत तुम्ही जपून ठेवली आणि वाट पाहत बसलात. अर्ज म्हणजे दावा नव्हे. शंभर अर्ज दिले तरी मुदत एक दिवस थांबत नाही. खान्देशात ही चूक इतकी सर्रास होते की मला ती प्रत्येक पत्रात दिसते. लोक कचेरीत जातात, पोच घेतात आणि केस चालू आहे असं समजतात.

मुदत सांभाळली की पुढचा सगळा खेळ कलम ५ मधल्या एका अटीवर आहे. अडथळा ‘कायदेशीर अधिकाराशिवाय’ उभा केलेला असला पाहिजे. ठेकेदार पहिल्याच तारखेला म्हणेल की रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, भूसंपादन झालेलं, माझ्याकडे कामाचा आदेश, मग अधिकार नाही कसा? म्हणून तुमच्या शेतापुढच्या दोन गोष्टी वेगळ्या काढा.

पहिली, नाल्यात लोटलेली माती. ती संपादन झालेल्या पट्ट्याच्या बाहेर आहे, असं तुमच्या हाताने काढलेल्या नकाशावरून दिसतं. पट्ट्याबाहेर माती टाकायचा अधिकार कामाच्या आदेशातून मिळत नाही. इथे तुमची बाजू भक्कम आहे.

दुसरी, पाईप. तिथे जरा थांबावं लागेल. महामार्गाच्या कंत्राटाला परिशिष्टं असतात. ‘शेड्यूल बी’ मध्ये कोणत्या साखळी क्रमांकाला (म्हणजे रस्त्याच्या मोजलेल्या अंतरावरच्या खुणेला) किती मापाची मोरी बांधायची याची यादी असते. तुमच्या ठिकाणी यादीत मोरी असेल आणि जागेवर तात्पुरता पाईप असेल, तर ठेकेदाराने केलं ते आराखड्याबाहेरचं आहे आणि अधिकाराची ढाल गळून पडते. यादीतच पाईप असेल, तर मात्र तहसीलदारांकडे या भागाचा निकाल मिळणं अवघड. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या अधिकारात केलेल्या कामाविरुद्ध मामलेदार कोर्टात दावा चालतच नाही. तेव्हा प्रतिवादी ठेकेदार करा. पाईप अपुरा आहे हे भांडण पुढे औरंगाबाद खंडपीठात रिट याचिकेने न्यावं लागेल. तिथे काय होईल हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

हे कागद माहितीच्या अधिकारात मागा. महामार्ग केंद्राच्या अखत्यारीतला, म्हणून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात नको, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प अंमलबजावणी कक्षाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या साखळी क्रमांकापुरतं शेड्यूल बी, आडवा आणि उभा छेद दाखवणारे नकाशे आणि पाण्याचा हिशेब केलेला जलविषयक अहवाल, एवढंच मागा. उत्तर १० जानेवारीच्या आत येणार नाही, म्हणून त्याची वाट न पाहता दावा टाका. कागद मागाहून जोडता येतात.

आता ते संमतीपत्र. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये ठेकेदाराच्या माणसाने स्टॅम्पवर सही घेतली, प्रत दिली नाही, आणि ‘बांधावर थोडी माती टाकू, तुमचाच बांध मजबूत होईल’ असं सांगितलं. भाऊ, ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. प्रत न घेता स्टॅम्पवर सही करू नका, हे मी लिहून लिहून थकले. पण यामुळे तुमचं सगळं बुडालेलं नाही. तुम्ही संमती दिली ती तुमच्या बांधापुरती. नाला तुमचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले शासनाचे. जे तुमच्या मालकीचं नाही ते बुजवायची परवानगी तुम्ही देऊच शकत नव्हता. उद्याच ठेकेदाराला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने कळवा की मार्चची संमती मागे घेत आहे आणि कागदाची प्रत द्या. वादपत्रात, म्हणजे दावा मांडायच्या कागदात, ही सही लपवू नका. ती समोरून बाहेर आली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

नाला तिथे होता हे सिद्ध करणंही तुमच्यावरच आहे. आपल्याकडे तापी पश्चिमेला वाहते आणि तिला दक्षिणेकडून बोरी, गिरणा, वाघूर येऊन मिळतात. बारके नालेही त्याच उताराने उत्तरेला धावतात. सुरत-नागपूर रस्ता, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, जातो पूर्व-पश्चिम. म्हणजे तो जवळजवळ प्रत्येक नाल्याला आडवा पडतो. जुना रस्ता जमिनीलगत होता, फार पाऊस झाला तर पाणी वरूनही निघून जायचं. नवा भराव पुरुषभर उंच, त्याच्यावरून पाणी जात नाही. म्हणून दक्षिणेकडचं शेत तळं होतं आणि उत्तरेकडचं कोरडं राहतं. हे सगळं तोंडी सांगून भागणार नाही. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि गटाचा नकाशा काढा, त्यात नाला दाखवलेला असेल. सातबाऱ्यावर नाल्याखालचं पोटखराब क्षेत्र लागलेलं आहे का तेही पाहा.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. पाईपचं तोंड अर्ध्याहून जास्त गाळाने भरलंय, त्यात पऱ्हाट्या आणि ठिबकची नळी अडकलीय, वर खडी सांडलीय. शेवटी तुमचा मुलगा कापसाचं झाड उपटून दाखवतो तेव्हा मूळ काळं पडलेलं दिसतं आणि साल हातात येते. हा पुरावा मोठा आहे. ज्या फोनवर तो घेतला तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय कोर्ट व्हिडिओ वाचणार नाही, आणि त्या प्रमाणपत्रात फोनची माहिती द्यावी लागते.

ठेकेदाराचा दुसरा बचाव अतिवृष्टीचा असेल. तुमच्या पंचनाम्यामुळे त्याला तो आयता मिळालाय, कारण तलाठ्यांनी नुकसानीचं कारण ‘अतिवृष्टी’ लिहिलं आणि तुम्ही वाचल्याशिवाय सही केली. सरकारी मदतीचा पंचनामा तसाच असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तो शेरा बसतो. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये धरलेले होते. ती मदत घेतली म्हणून दावा बुडत नाही. पण पाऊस सगळ्यांवर सारखा पडला हे तुम्हाला दाखवावं लागेल. तुमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या त्या दोन तारखांच्या नोंदी घ्या आणि रस्त्यापलीकडच्या उत्तरेच्या शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, की त्याच पावसात त्याच्या शेतात पाणी थांबलं नाही आणि त्याने कापूस वेचला. एकाच रात्री रस्त्याच्या अलीकडे तळं आणि पलीकडे वाफसा, मग दोष पावसाचा उरत नाही.

भरपाईबद्दल थोडक्यात. मामलेदार कोर्टात पैसे मिळत नाहीत, फक्त अडथळा निघतो. पैशांसाठी दिवाणी दावा. त्याला तीन वर्षं आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलंय, पण निश्चिंत राहू नका. कायद्यानुसार केलेल्या किंवा करायची राहिलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७२ मध्ये एकच वर्ष आहे, आणि समोरची बाजू त्यावरच बोट ठेवेल. तेव्हा येत्या मेच्या आत दावा दाखल व्हावा. संपादनाच्या निवाड्याचं वेगळं आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३जी प्रमाणे उरलेल्या जमिनीला पोचणाऱ्या बाधेची भरपाईही धरायची असते, पण ती ताबा घेतानाची बाधा. नंतर चुकीच्या बांधकामाने झालेलं नुकसान लवाद त्यात बसवेल का, याची मला खात्री देता येत नाही. निवाड्याची प्रत पाठवा, मग बोलू.

काम थांबवण्याची मागणी मात्र कुठेच करू नका. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलंय की पायाभूत प्रकल्पाला खीळ बसेल असा मनाई हुकूम कोर्टाने देऊ नये, आणि रस्ते त्यात येतात. तुमची मागणी उलटी ठेवा. काम करा, नाल्यातली माती उचला, पाण्याला वाट द्या. मृग लागण्याआधी हे व्हायला हवं. तहसील कचेरीत दौरे, निवडणुका, बैठका यांत तारखा कशा सरकतात हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. म्हणून पहिल्याच तारखेला स्थळपाहणीचा लेखी अर्ज द्या आणि रोजनाम्यात, म्हणजे तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत, त्याची नोंद झाली का ते स्वतः वाचा.

गावातली पोरं रात्री जेसीबी लावून भराव फोडू म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आजच थांबवा. राष्ट्रीय महामार्गाची नासधूस हा राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ८बी खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्या रात्रीनंतर तुमचा दावा कोणी वाचणार नाही, तुमच्याविरुद्धची फिर्याद वाचतील.

वादपत्रात कारण कोणत्या तारखेला घडलं ते लिहावंच लागतं, तिथे ११ जुलै घाला आणि सप्टेंबरची तारीख त्याखाली. कागदांची आणि साक्षीदारांची यादीही सोबतच लागते. तुमच्या आई पन्नास वर्षं त्या शेतात राबल्या. मोरी बुजताना त्या ठेकेदाराच्या माणसाला म्हणाल्या होत्या, ‘आते पानी कथा जाई?’ (आता पाणी कुठे जाईल?) तो माणूस काही न बोलता निघून गेला. पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं घाला आणि सोमवारी कचेरी उघडताना दोघं हजर राहा.